आईचे तळपाय, झोपेची गोळी आणि दहा बैठकांचं पॅकेज

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुमच्या आई ६१ वर्षांच्या, शुगर बरीच जुनी. वडील गेल्यापासून त्या चोपड्याला तुमच्याकडेच राहतात. रात्री नऊला अंथरुणात जातात, अकराच्या पुढे डोळा लागतो आणि दोन-अडीचला टक्क जाग येते. डॉक्टरांनी लिहून दिलेली झोपेची गोळी काही महिन्यांपासून चालू आहे. मध्यंतरी त्यांनी जळगावात एका ठिकाणी तळपायाचे पॉइंट दाबून घेतले आणि त्या रात्री छान झोपल्या. तिथल्या माणसाने दहा बैठकांचं पॅकेज सांगितलं आणि वर म्हणाला, "मेंदूचा पॉइंट ब्लॉक आहे, गोळी आजपासूनच बंद करा." हे खरं का, घरी करता येईल का आणि गोळी थांबवायची का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एका ओळीत तुमच्या स्वतःच्या पायांचंही लिहिलंय, त्याकडेही येते.

आधी गोळी. ती एकदम बंद करू नका. तुम्ही लिहिलेलं क्लोनाझेपाम ज्या गटातलं आहे, त्या गटातली औषधं महिनोन्महिने घेऊन एके दिवशी तोडली की झोप आधीपेक्षा वाईट होते, जीव घाबरा होतो, हात थरथरतात आणि क्वचित फिटही येते. घरच्यांना वाटतं जुनं दुखणं उफाळलं, पण तो गोळी तोडल्याचा परिणाम असतो. याचा अर्थ ती आयुष्यभर चालू ठेवावी असाही नाही. या वयात अशा गोळीवर असताना रात्री बाथरूमला उठलं की झोक जातो, आणि खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं वर्ष त्यातच जातं. गोळी कमी करावी हा तुमचा विचार रास्त आहे. पण ती किती आठवड्यांत, किती-किती कमी करायची हे ज्यांनी लिहून दिली तेच डॉक्टर ठरवतील. तो अधिकार ना मला, ना त्या जळगावच्या माणसाला.

आता पॉइंटचं. मी हेच काम करते. आधी धुळ्यात नर्स होते, मग रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे तळपायाचे पॉइंट दाबायची पद्धत, शिकले. तळपायाचा रंगीत तक्ता माझ्याही खोलीत भिंतीवर आहे. अंगठ्यावर डोकं, बोटांखालच्या गादीवर छाती, मधल्या खळग्यात पोट, टाचेवर कंबर. लोक हा तक्ता हजारो वर्षांचा समजतात, पण त्याचं वय शंभरच्या आसपास आहे. विल्यम फिट्झजेराल्ड नावाच्या अमेरिकन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी १९१७ च्या सुमारास शरीराचे उभे दहा पट्टे कल्पिले. पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी ते पट्टे तळपायावर उतरवून अवयवांच्या जागा ठरवल्या. अंगठ्याच्या पेरापासून मेंदूतल्या एखाद्या ठरावीक ग्रंथीपर्यंत जाणारी नस कुणाला सापडलेली नाही. दोन वेगवेगळ्या शाळांचे तक्ते शेजारी ठेवा, काही अवयवांच्या जागा जुळत नाहीत. रुग्णाची काहीही माहिती न देता, नुसते पाय चाचपून आजार ओळखायला सांगितल्यावर आमच्यातल्या जाणकारांचं उत्तर अंदाजपंचे निघालं, असंही तपासून झालंय. ऑस्ट्रेलियात तर सरकारने पुरावा तपासून १ एप्रिल २०१९ पासून खासगी आरोग्य विम्यातून ज्या १६ उपचारांचे पैसे मिळणं थांबवलं, त्यात रिफ्लेक्सॉलॉजी आहे. त्यामुळे "मेंदूचा पॉइंट ब्लॉक आहे" हे वाक्य सोडून द्या. दाबल्यावर जिथे दुखतं तिथे "कचरा साठलाय", "खडे झालेत" असं सांगतात, तेही सोडून द्या. दिवसभर उभं राहणाऱ्या, टाचांना भेगा असलेल्या बाईचा तळपाय कुठेतरी दुखणारच.

मग त्या रात्री आई झोपल्या त्या कशा? खरोखर झोपल्या, आणि त्यात नवल काही नाही. झोपेवर आणि चिंतेवर याचे पुष्कळ अभ्यास झालेत, बरेचसे इराण, तुर्कस्तान, तैवान, कोरिया या भागांतले. वृद्ध, डायलिसिसवरचे रुग्ण, ऑपरेशन झालेले लोक, शिफ्टमध्ये काम करणाऱ्या नर्स अशांवर. पाय दाबून घेणाऱ्यांची झोप सुधारल्याचं आणि धास्ती कमी झाल्याचं त्यातल्या अनेकांत दिसतं. अडचण अशी की अभ्यास लहान आहेत आणि आपल्याला काय केलं जातंय हे घेणाऱ्याला कळत असतं, म्हणून तज्ज्ञ या पुराव्याला कच्चाच म्हणतात. आणि जिथे एका गटाला खरे पॉइंट दाबले व दुसऱ्याला नुसते पाय चोळून दिले, तिथे दोन्ही गटांतला फरक बऱ्याचदा फारसा उरत नाही. माझे काही सहकारी हे ऐकून नाराज होतात. मला ती चांगली बातमी वाटते. साधं पाय चोळणंच निम्म्याहून जास्त काम करत असेल, तर ते चोपड्यात, तुमच्या घरात, रोज फुकट होऊ शकतं. आठवड्यातून एकदा जळगावला एसटीने जाऊन-येऊन दमण्यापेक्षा ते बरं.

ते का काम करतं याची दोन कारणं मला पटतात. पहिलं ऊब. झोप लागायच्या आधी शरीर आतली उष्णता हाता-पायांच्या कातडीतून बाहेर सोडतं. स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवलं की पाय कोमट झालेल्या माणसाला झोप लवकर लागते. झोपायच्या तास-दोन तास आधी दहा मिनिटं कोमट पाण्याने अंघोळ केली तरी असाच फायदा होतो. खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना पाय गरम करा असं सांगितलं तर लोक हसतात, पण मुद्दा पायाकडचं रक्त खेळतं होण्याचा आहे, उन्हाळ्यात ते साध्या पाण्याने आणि चोळण्याने होतं. दुसरं कारण स्पर्शाची गती. केस असलेल्या कातडीत, म्हणजे पावलाच्या वरच्या बाजूला आणि नडगीवर, हळू फिरणारा हात ओळखणारे वेगळे मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण तीन सेंटिमीटर या गतीने हात फिरला की ते सर्वात जास्त जागे होतात. म्हणजे वीतभर अंतर जायला सात सेकंद. एकदा मोजून बघा, आपण किती घाईत चोळतो ते कळेल. आणि हो, ती वीस मिनिटं कुणी काही विचारत नाही, काही मागत नाही. आयुष्यभर घर ओढलेल्या बाईला याचंच अप्रूप असतं.

आपल्याकडे हे नवीन नाहीच. आयुर्वेदातल्या वाग्भटांनी तेल लावण्याच्या फायद्यांत झोपही मोजली आणि डोकं, कान, पाय या तीन जागी ते विशेष करावं असं म्हटलं. त्यासाठी तक्ता लागला नव्हता.

पण तुमच्या आईंच्या बाबतीत तेलाची बाटली उघडण्याआधी एक काम आहे. शुगर जुनी आहे, म्हणजे पायाची जाणीव कमी झालेली असू शकते आणि त्यांना ते माहीतही नसेल. त्यांना बाजेवर पाय लांब करून डोळे मिटायला सांगा. मग तुमच्या तर्जनीचं टोक एक-दोन सेकंद अगदी हलकं टेकवा: दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा जागी. दाबू नका, टोचू नका. "लागलं" असं त्यांनी सांगायचं. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी ही चाचणी घरी करता येईल अशी बसवली आहे. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर जाणीव गेली असं धरा आणि पाय डॉक्टरांना दाखवा. मग अंगठ्याने जोर देणं, लाकडी काडी, काट्यांचा रोलर, मशीन, गरम पाण्याची बादली, सगळं बंद. नुसता तेलाचा हलका हात फिरवा. बोटांच्या बेचक्यात, टाचेच्या भेगांत, नखांच्या कडेला जखम, पाणी किंवा वास आहे का हे रोज बघा. शुगरवाल्याच्या पायाला मालिशपेक्षा या रोजच्या बघण्याचा फायदा जास्त, हे मी नर्स म्हणून सांगते.

जाणीव शाबूत असेल तर असं करा. रात्रीचं जेवण होऊन तास-दीड तास गेला असावा. पाय साध्या किंवा कोमट पाण्याने धुवा. पाण्यात आधी तुमचं कोपर बुडवून बघा, आईंच्या पायावर विसंबू नका. पाच मिनिटं पुरे, मग बेचक्यांसकट कोरडे पुसा. त्या पडून असतील तर गुडघ्याखाली उशी द्या, बसून असतील तर पाय तुमच्या मांडीवर घ्या. सुरुवातीला काहीच करू नका, दोन्ही पावलं तळव्यात धरून मिनिटभर नुसत्या बसा. बहुतेक लोक हे गाळतात आणि थेट दाबायला लागतात. त्यानंतर घोटा दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवा. चमचाभर तिळाचं तेल घ्या, उन्हाळ्यात चिकट वाटत असेल तर खोबरेल. बेचक्यात तेल नको. बोटांपासून घोट्यापर्यंत वरच्या बाजूने सात सेकंदांचा तो हात आठ-दहा वेळा फिरवा. मग अंगठ्याच्या पेराने टाचेपासून बोटांकडे, घासत न नेता, एकेक पाऊल टाकल्यासारखं पुढे सरकत जा. बोटांखालच्या गादीच्या खाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाच्या रेषेत एक खळगा लागतो. आमच्या तक्त्यात त्याला सोलर प्लेक्ससची, म्हणजे पोटातल्या मज्जातंतूंच्या जाळ्याची, जागा म्हणतात. तिथे अंगठा टेकवून आईंना श्वास सावकाश सोडायला सांगा. सोडताना किंचित दाब, घेताना ढील. असे सहा-सात श्वास. त्या जागेत जादू असो-नसो, लांब सोडलेल्या श्वासाने छातीतली धडधड उतरते हे नक्की. शेवटी बोटं एकेक करून हळू ओढा.

एका पायाला दहा मिनिटं. दाब किती, तर चेहरा बघा: भुवया आक्रसल्या की जास्त झाला. "दुखेल तेवढा गुण" हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट वाक्य आहे. झाल्यावर तेल नीट पुसा, फरशीवर तेलकट पाय घसरतो, आणि रात्री उठायचं असेल त्या वाटेवर छोटा दिवा ठेवा. नातवंडांना पायावर चालायला लावायची आपल्याकडे हौस असते; साठीच्या पुढे ते नको, हाडं तेवढी भरवशाची राहिलेली नसतात.

काशाच्या वाटीने तळपाय घासण्याबद्दलही तुम्ही विचारलंय, कारण हल्ली प्रत्येक लग्नाच्या हॉलबाहेर आणि यात्रेत त्याचं मशीन दिसतं. वाटीने बरं वाटतं, गोल गुळगुळीत धातूने सबंध तळवा एकसारखा चोळला जातो. फक्त तळपाय काळा पडतो तेव्हा "अंगातली उष्णता निघाली" असं सांगतात ते नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील. घासताना धातूचे बारीक कण सुटतात आणि तेल-तुपात, घामात मिसळून काळे दिसतात. ज्याच्या अंगात उष्णता नाही त्याचाही पाय काळा होईल. हाताने वाटी फिरवायला हरकत नाही. मशीनचं घर्षण शुगर असलेल्यांच्या कातडीला नको.

पण ताई, आईंची मोठी अडचण पायाची नाही. त्या नऊला पडतात आणि सकाळी सहाला उठतात, म्हणजे नऊ तास अंथरुणात, आणि झोप जेमतेम चार-पाच तासांची. उरलेले तास त्या जागं राहायचा सराव करतायत. जुनाट निद्रानाशावर डॉक्टरी जगात गोळीच्याही आधी सुचवली जाणारी जी पद्धत आहे, झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धत, तिचा गाभा हाच आहे: अंथरुणातला जागेपणा कमी करणं. म्हणून उठायची वेळ सहा हीच रोज पक्की, रात्र कशीही गेली असली तरी. पडायची वेळ मात्र पुढे ढकला, साडेदहा-अकरा. पाय चोळणं त्याच्या अर्धा तास आधी. रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत पुन्हा डोळा लागला नाही असं वाटलं तर उठून बाहेरच्या खोलीत बसावं, जपमाळ ओढावी, वाती वळाव्या, पेंग आली की परत यावं. घड्याळ भिंतीवरून काढून ठेवा. दुपारी उन्हामुळे पडावंच लागतं आपल्याकडे, तेही अर्ध्या तासात आणि तीनच्या आत. चारचा चहा बंद करा म्हटलं तर तुमच्याकडे भांडण होईल हे मला ठाऊक आहे, निदान अर्धा कप करा. त्यातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच तासांच्या आसपास लागतात. आणि रात्री साडेनऊला शेवभाजीचा लाल रस्सा खाऊन लगेच आडवं झालं की छातीत जळजळून जाग येते, ती जळजळ तळपाय दाबून जात नाही.

दोन-अडीचला जाग येण्याचं साधं कारण लघवीही असू शकतं. त्या का उठतात ते विचारा. वाढलेल्या शुगरमुळे रात्री दोन-तीनदा जावं लागतं. घाम फुटून, छाती धडधडत जाग येत असेल तर रात्री शुगर उतरते का हे ग्लुकोमीटरवर बघा आणि डॉक्टरांना कळवा. मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर तेही सांगा, कारण श्वास अडकण्याचा त्रास असेल तर झोपेची गोळी तो वाढवू शकते.

आणि वडील. तुम्ही ते एका वाक्यात लिहून पुढे गेलात. इतक्या वर्षांचा शेजार गेलाय, घर बदललंय, स्वतःची बाज नाही, आणि लेकीच्या घरी राहतो याचा संकोच आपल्याकडच्या बायका उघड बोलत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या बायका "पाय दुखतस, झोप येस नही" एवढंच म्हणतात. पाव तास पाय हातात धरले की मग खरं काय ते निघतं, कारण तेव्हा डोळ्यांत बघावं लागत नाही. तुम्ही पाय चोळत असाल तेव्हा काही बोलल्या तर समजूत घालू नका, नुसतं ऐका. पण पहाटे जाग येऊन पुन्हा न लागणं, जेवण तुटणं, कशातच मन न रमणं, "आता कशाला जगायचं" असे शब्द येणं, यांतलं काही दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर हे नैराश्य असू शकतं, आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे चांगला उपचार आहे. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे. फोन फुकट, मराठीत बोलता येतं, चोवीस तास. जिवाबद्दलचे शब्द निघाले तर दोन आठवडे वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा आणि त्यांना एकटं ठेवू नका.

आता तुमचे पाय. रात्री पडलं की पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं, ओढतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चाललं की बरं वाटतं, आणि पाळीत अंगावरून जास्त जातं, असं लिहिलंय. याला पाय अस्वस्थ होण्याचा आजार म्हणतात, इंग्रजी नाव रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, आणि शरीरातलं लोह कमी असणं हे त्याचं एक मोठं कारण. हिमोग्लोबिन ठीक आलं तरी लोहाचा साठा कमी असू शकतो, म्हणून फेरिटिन नावाची तपासणी वेगळी सांगून करून घ्या. या त्रासात फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात, मग लॅबच्या कागदावर ते "नॉर्मल" छापलेलं का असेना. रोज रात्री नवऱ्याकडून किंवा मुलांकडून पाय चेपून घेणाऱ्या अनेक बायकांच्या मागे हेच निघतं. चेपल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि तपासणी वर्षानुवर्षं राहून जाते. नुसती तळपायाची आग होत असेल तर बी-१२ आणि शुगरही बघा.

वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर तिला हात लावू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना. ताजं फ्रॅक्चर, वाताचा सुजलेला लाल अंगठा, चिखल्या, नागीण, उघडी जखम, यावर मालिश नाही. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारून, आणि हलक्या हाताने. नंदुरबार-धुळ्याच्या सातपुड्याच्या पट्ट्यात तरुण पोरांचे हात-पाय वारंवार ठणकतात, त्यांची सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली नसेल तर आधी ती करा, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. त्या ठणक्यावर जोरात दाबणं हा उपाय नाही. आणि सासूचे पाय सुनेनेच चेपायचे अशी सक्ती घरात सुरू होणार असेल तर कृपा करून माझं नाव सांगू नका. मुलाचे हातही तितकेच उबदार असतात, आणि स्वतःचे तळपाय स्वतः चोळूनही झोपेला मदत होते.

पंधरा दिवस वहीत रोज चार गोष्टी लिहा: किती वाजता पडल्या, अंदाजे कधी झोप लागली, कितीदा उठल्या आणि का, सकाळी कधी उठल्या. ही वही, गोळीचं पाकीट आणि शुगरचे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा आणि "गोळी हळूहळू कमी करता येईल का" हे सरळ विचारा. जळगावला पुन्हा जावंसं आईंना वाटलं तर जाऊ द्या, त्यांना बरं वाटतं हे काही कमी नाही. फक्त एका बैठकीचे पैसे द्या, दहाचे आगाऊ नको. आणि पाय हातात घेण्याआधी तो शुगरबद्दल विचारतो का, बेचक्या बघतो का, हे बघा. पुन्हा गोळीबद्दल बोलला तर तिथे परत जाऊ नका.